बाळंतिणीचं पाकट

२० मे २००५, शुक्रवार. अल मुंतझा, दोहा.

सकाळी उठून पाकट साफ करायला घेतलं. माझी भाची रेनिता बाळंत होऊन आठवडा उलटला होता आणि फ्रीजमध्ये इथल्या एका कोकणी मच्छीमाराने, दाऊदभाईंनी, पाठवलेली पिशवी होती. पाकटाचं काम वेळखाऊ असतं. वर उकळतं पाणी ओतायचं, खरखरीत कातडी सुरीच्या पाठीने खरवडायची, शेपूट मुळापासून उडवायची, दोन्ही पंख सोडवून त्यांचे तुकडे करायचे. काळीज वेगळं ठेवायचं, कारण रश्श्याला चव त्याचीच. ही सगळी पिल्लं होती, एकेक माझ्या पसरलेल्या पंजाएवढं. शेपटीवरचा काटा पाठवणाऱ्याने आधीच मोडून टाकला होता. शिळ्या पाकटाला मुतारीसारखा वास येतो. याला नव्हता. म्हणजे लांबून बर्फात आलेलं नाही, जवळच कुठेतरी धरलेलं आहे, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ज्यांच्या घरी पाकट शिजत नाही त्यांच्यासाठी सांगते. चपटा, पतंगासारखा मासा. शेपूट चाबकासारखी आणि तिच्यावर विषारी काटा. आमच्या वसईत, आणि खाली रायगड-रत्नागिरीतही, बाळंतिणीला दूध यावं म्हणून पाकट नाहीतर मुशी, म्हणजे लहान शार्क, भरपूर लसूण घालून देतात. जितकं कोवळं तितकं चांगलं असं मानतात. मी वसईत एका प्रसूतिगृहात नर्स आहे. दूध येतं ते बाळाला वेळेवर अंगावर घेतल्याने, पोटभर पाण्याने आणि झोपेने. पण सासवा डब्यातून पाकटाचा रस्सा घेऊन आल्या की मी कधी अडवलेलं नाही. प्रथिनं वाईट नसतात, आणि बाळंतीण चवीने जेवते.

चौथं की पाचवं पिल्लू हातात होतं. पंखाच्या मागच्या कडेला अंगठ्याला काहीतरी टोचलं. नखाएवढं पिवळं प्लॅस्टिकचं बटण, पंखातून आरपार टोचून बसवलेलं, आणि त्यावर बारीक आकडा. आधी वाटलं, दुकानदाराची खूण असेल. मग आठवलं की असल्या बटणांचा डबा मी या घरातच पाहिला होता, रेनिताच्या नवऱ्याच्या, आल्विनच्या टेबलावर.

मी बटण कात्रीने सोडवलं, धुतलं, बशीत ठेवलं आणि उरलेली पाकटं साफ केली. अर्धवट टाकून चालणार नव्हतं. बाहेर उन्हाळा मी म्हणत होता.

घर आणि बाजार

रेनिताची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, दोन वर्षांपूर्वी गेली. म्हणून बाळंतपणाला मी दीड महिन्याची रजा काढून आले. हापूसची पेटी, सुके बोंबील आणि बाळाची दुपटी घेऊन विमानात बसले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने बोंबलांच्या पिशवीचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि ती पिशवी सोडून दिली. आंब्यांचं मात्र त्याने कौतुक केलं.

अल मुंतझा हा जुन्या दोह्याचा भाग. चार-पाच मजली इमारती, खाली शिंपी, केरळी हॉटेल, मोबाइलची दुकानं. गच्चीवरच्या टाक्यांतलं पाणी मे महिन्यात इतकं तापतं की बाळाला आंघोळ घालायला ते आदल्या दिवशी बादलीत काढून निववावं लागतं. आमच्याकडे बंबात पाणी तापवायचं, इथे थंड करायचं. रस्त्यावर पायी चालणारी बाई क्वचित दिसते. मी चालत बाजारात जाते म्हणून आल्विन पहिल्या दिवशी घाबरलाच होता.

मासळीबाजारही मी बघून आले. सगळे विकणारे पुरुष, कापणारेही पुरुष, प्लॅस्टिकचे लांब एप्रन घालून. आमच्या बाजारात पुरुष सुरीला हात लावत नाही आणि गिऱ्हाइकाला शिव्या न देता मासा विकला जात नाही. इथे मी भाव पाडायला लागले तर तो बंगाली मुलगा नुसता हसला. हामूर, शेरी, सुरमई, सगळं होतं. पाकट नव्हतं. "ते इथलं कुणी खात नाही," तो म्हणाला. "जाळ्यात आलं तर फेकून देतात."

तरीही आमच्या घरी दर दोन दिवसांनी ताज्या पिल्लांची पिशवी येत होती. दाऊदभाई मूळचे श्रीवर्धनकडचे. बरीच वर्षं इथल्या समुद्रावर काम करतात. दोह्यात कुणा कोकणी घरी बाळ झाल्याचं कळलं की, हिंदू असो, मुसलमान असो की ख्रिश्चन, ते न सांगता पाकट पाठवतात. बाळंतिणीच्या घरून एक रियालसुद्धा घेत नाहीत. रेनिताच्या सासूचा वसईहून रोज फोन यायचा आणि पहिला प्रश्न हाच, "दाऊदचं पाकट आलं का?" नातवाची चौकशी त्यानंतर.

बशीतलं बटण

आल्विन उठला, दात घासत स्वयंपाकघरात आला आणि बशी बघून तसाच उभा राहिला. तोंडात ब्रश.

"मावशी, हे कुठे मिळालं?"

"पाकटाच्या पंखात."

"कुठल्या पाकटाच्या?"

"आता रश्श्यात आहे त्याच्या. काल तू दोनदा वाढून घेतलंस ती त्याची भावंडं."

त्याने चूळ भरली, बटण उजेडात धरून आकडा वाचला आणि खुर्चीवर बसला. आल्विन मोठ्याने बोलणारा नाही. किनाऱ्यांची पाहणी करणाऱ्या एका कंपनीत तो नोकरी करतो. ती पाहणी कुणाला खाडी आवडते म्हणून नसते. कुठे भराव घालायचा, कुठून रस्ता न्यायचा हे ठरलेलंच असतं. त्याआधी तिथे काय जगतं ते लिहून द्यायचं असतं, म्हणजे फार महत्त्वाचं काही निघालं तर रस्ता थोडा बाजूला घेता येईल. त्याच्या वाट्याला उत्तरेकडची एक खाडी आली होती, अल खोरच्याही पुढची. तिकडे खाडीला खोरच म्हणतात. उथळ पाणी, चिखल आणि तिवरं.

"ती खाडी म्हणजे पाकटांचं बाळंतपणाचं घर आहे, मावशी," तो म्हणाला. "माद्या वसंतात आत येतात, पिल्लं टाकतात आणि परत खोल पाण्यात जातात. पिल्लं तिथेच राहतात. गुडघाभर पाण्यात मोठे मासे येत नाहीत, खायला बारीक खेकडे मिळतात. वाढली की बाहेर पडतात."

"मग बटणं कशाला?"

"ती तिथेच राहतात हे दाखवायला. एप्रिलमध्ये पकडून बटणं लावून सोडली. परत तिथेच, थोडी मोठी होऊन सापडली की सिद्ध होतं. पण मागच्या फेरीत जाळ्यात जवळजवळ काहीच आलं नाही. मी लिहिणार होतो की पिल्लं इथे थांबत नाहीत, नुसती येऊन जातात. मग भराव घालायला काही हरकत उरत नाही."

आतल्या खोलीतून रेनिता सगळं ऐकत होती. बाळाला पाजता पाजता तिने विचारलं, "म्हणजे मी आठवडाभर तुझा प्रोजेक्ट खातेय?"

आल्विन हसला नाही. ती मात्र हसली आणि मग तिलाही ते बरं वाटेना. दुपारी रस्सा समोर ठेवला तर म्हणाली, "मावशी, आज नको."

"शिजलेलं आहे. ते परत पोहणार नाही. जेव," मी म्हटलं. ती जेवली. दुधाला काही कमी नव्हती, पण तिला अन्न सोडायची सवय लागू द्यायची नव्हती.

खाडीवर

दुसऱ्या दिवशी शनिवार, आल्विनला सुट्टी. शेजारच्या बाईला रेनिताजवळ बसवून मी त्याच्याबरोबर गेले. त्याला दाऊदभाईंशी बोलायचं होतं आणि एकट्याने जायला तो बिचकत होता. बाळंतिणीचा विषय, बाई बरोबर असलेली बरी.

शहर संपलं की काहीच नसतं. वाळूसुद्धा नाही, नुसती करड्या रंगाची, दगडांची सपाट जमीन आणि विजेचे खांब. मला वाळवंट म्हणजे टेकड्या वाटत होत्या. रस्त्यात एका टपरीवर कडक दुधाचा चहा घेतला. कागदी कपात, वेलची घातलेला, आमच्या स्टेशनवरच्या चहापेक्षा दुप्पट गोड. खाडीच्या अलीकडे पक्का रस्ता सोडला आणि तिथेच घोळ झाला. वरून पांढरी, कोरडी दिसणारी जमीन गाडी अंगावर येताच पापडासारखी फुटली आणि मागची चाकं काळ्या चिखलात गेली. याला ते सबखा म्हणतात. खाली समुद्राचं पाणी, वर मिठाची साय. आल्विनने डिकीतून गालिच्याचे जुने तुकडे काढले, चाकांखाली सारले. मी ढकललं. माझी साडी गुडघ्यापर्यंत काळी झाली. साडी नेसून येऊ नको असं त्याने सांगितलं होतं, हे तो एकदाही बोलला नाही. गुणी मुलगा.

खाडी सुंदर नव्हती. कुणी सहलीला जाऊन फोटो काढावेत असं काही तिथे नाही. तिवरं आमच्याकडच्यांपेक्षा बुटकी, कमरेएवढी. वास तोच, ओहोटीच्या चिखलाचा. त्या वासाने मला क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं. समोर, पाण्याच्या पलीकडे, गाळ उपसणारं एक यंत्र उभं होतं. त्याचा आवाज येत होता, थांबत नव्हता.

"पाय उचलून टाकायचा नाही," आल्विन म्हणाला. "घासत चालायचं. पिल्लू वाळूत पुरून बसलेलं असतं. पाय घासला तर ते पळतं, पाय पडला तर काटा मारतं. जन्मतानाच काटा घेऊन येतात."

पाणी कोमट होतं, ताप आलेल्याच्या अंगासारखं. मी घासत चालले. बराच वेळ काही नाही. मग पावलासमोर वाळूची एक पुरचुंडी हलली, उकलली आणि तळहाताएवढं पिल्लू कडा लाटेसारख्या हलवत पुढे गेलं. चार हातांवर जाऊन बसलं, कडांनी वाळू उडवून अंगावर घेतली. नुसते दोन डोळे वर. फ्रीजमधून काढलेलं पाकट मी शेकडो वेळा हाताळलंय. हे काही त्याच्यासारखं दिसत नव्हतं.

"आणखी एक सांगू?" आल्विन म्हणाला. "पाकटं इतर माशांसारखी ढीगभर अंडी टाकत नाहीत. पिल्लं पोटात वाढवतात, थोडीशीच. आणि आई पोटातच त्यांना दुधासारखा पाझर पाजते."

आमच्या बायकांनी दुधासाठी नेमका हाच मासा कसा निवडला कोण जाणे. हे कुणाला माहीत असण्याची शक्यता नव्हती.

खाडीच्या तोंडाशी दाऊदभाईंचं कुंपण होतं. त्याला हदरा म्हणतात. पाण्यात खांब रोवून त्यांना जाळी बांधलेली, शेवटी एक गोल कोंडी. भरतीला मासे किनाऱ्याकडे येतात, ओहोटीला परत निघतात आणि कुंपणाच्या कडेकडेने जात कोंडीत शिरतात. मालक इथला, म्हातारा. तो आता येत नाही. काम दाऊदभाई बघतात. उंच माणूस, दाढी मेंदीने लाल केलेली, लुंगी वर खोचलेली. मला बघून पाण्यातूनच ओरडले, "या बाय, या! बालंतीन बरी हाय ना? पोर अंगावर पितो ना?"

"पितो. तुमची कृपा."

"माझी कसली, अल्लाची. आनखी देतो, थांबा. आज चांगली कवली हायत."

आल्विनने खिशातलं बटण काढून दाखवलं. दाऊदभाईंनी ते डोळ्यांजवळ नेलं.

"ह्ये तुमचा हाय? मना वाटला, सरकारचा कायतरी. दोनतीनदा मिलला. मी काढून टाकायचो, बालंतिनीच्या तोंडात नको यायला."

"दाऊदभाई, ही पिल्लं महिनाभर सोडून देता येतील का?" आल्विनने विचारलं. "कोंडीतून नुसती उचलून बाहेर टाकायची. माझी शेवटची फेरी होईपर्यंत. ती इथे आहेत एवढं मला दाखवता आलं तर या खाडीवर भराव पडणार नाही. तुमचं कुंपणही राहील."

दाऊदभाईंनी त्या यंत्राकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"मी आलो तवा ही लोका पाकट चिखलात फेकायची," ते म्हणाले. "मालकाला मी बोललो, ह्ये आमच्या बायांचा औषध हाय, फेकू नको. माझ्या बायकोला चार पोरा झाली गावाला. एकाही टायमाला मी नव्हतो. तिला कोन पाकट आनून देनार? तवापासून नेम केला, हिते कोकनातली कुनी बालंतीन झाली तर तिला द्यायचा. आता तुमीच सांगा बाय, फोन आला आनि पोरगी बोलली, चाचा, दूध येत नाय, तर मी नाय कसा म्हनू?"

"मी म्हणते की येतं," मी म्हटलं. "पाकटाशिवाय येतं. हजारो बायांचं बघितलंय."

"मग तुमी त्यांना सांगा. बायांनी मागायचा बंद केला, मी सोडायचा चालू केला. खलास."

आल्विनला ते पटलं. मलाही, तेव्हा. हे सोपं काम आहे असं वाटलं. निघताना दाऊदभाईंनी पिशवी पुढे केली. मी घेतली नाही. त्यांचा चेहरा पडला. बाळंतिणीच्या नावाने दिलेलं परत करणं काही चांगलं नसतं, हे मलाही माहीत आहे. त्यांनी पिशवी खाली ठेवली. पिल्लं त्यातच राहिली. ती परत पाण्यात टाकावीत हे त्या क्षणी आम्हा तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही. अर्ध्या रस्त्यात सुचलं.

बाळ बघायला आलेल्या बायका

त्या आठवड्यात संध्याकाळी बाळ बघायला बायका यायच्या. मदिनत खलीफाहून गाडीतून येणाऱ्या, आमच्याच इमारतीतून जिना उतरून येणाऱ्या. वसईच्या नर्सेस, ऑफिसातल्या, एक-दोन रत्नागिरीच्या. त्यांची मुलं मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत टीव्हीपुढे बसायची. मी चहा-केक दिला आणि एकदा सगळ्या जमल्यावर सरळ मुद्द्याचं बोलले. पिल्लं कुठून येतात, खाडीचं काय होणार आहे, दूध कशाने येतं. गोल फिरवून सांगायची मला सवय नाही.

ऐकलं सगळ्यांनी. मान हलवली. एक वसईची नर्स म्हणाली, "सिस्टर, दुधाचं मलाही माहीत आहे. पण माझी आई फोनवर रडते ना, पाकट खाल्लंस का म्हणून. तिला काय मी लेक्चर देऊ?"

"खोटं सांग, खाल्लं म्हणून."

"आईला?"

दुसरी, लाल नेलपॉलिशवाली, केकचा तुकडा उचलत म्हणाली, "अहो मावशी, समुद्र एवढा मोठा. आमच्या चार वाट्या रश्श्याने काय होणार? ते एवढं मशीन लावलंय तिथे, त्याला कोणी विचारत नाही. आमची कढई दिसते तुम्हाला."

हे खोटं नव्हतं. मी म्हटलं, "मशीनला मी ओळखत नाही. तुम्हाला ओळखते."

सगळ्या हसल्या. मला वाटलं जमलं. मग तीच बाई, अगदी गोड आवाजात म्हणाली, "आणि तुमच्या भाचीचं तर आता झालंच ना खाऊन. आमच्या नणंदेचं जुलैत आहे."

रेनिताने बाळाला उगीचच खांद्यावर घेतलं आणि पाठ थोपटत आत गेली. मी कप गोळा केले. दारात चपला घालताना त्या दोघी-तिघींनी हळूच आल्विनला विचारलं, दाऊदभाईंचा नंबर आहे का तुझ्याकडे? त्यांच्यातल्या दोघींना दाऊदभाईंचं नावच आत्ता पहिल्यांदा कळलं होतं. माझ्याच तोंडून.

वरच्या मजल्यावरची शबाना मात्र काही बोलली नव्हती. रत्नागिरीची, वीस-बावीसची, दिवस भरत आलेले. नवरा इंडस्ट्रियल एरियात फोरमन, पहाटे जायचा. ती जाता जाता म्हणाली, "मावशी, माझ्याकडं कोणीच नाय यायचं. अम्मीला व्हिसा नाय मिळाला. कधी उठायचं, काय खायचं, तुम्ही सांगाल ना?"

"मी आहे तोवर सांगेन," मी म्हटलं.

शेवटची फेरी

आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढतात. दोन-अडीच महिने जाळी पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेली. कोळ्यांना माशांची दया येते म्हणून नव्हे, वादळ असतं म्हणून. पण तेवढ्यात माशांना श्वास घ्यायला मिळतो. इथल्या समुद्राला अशी सुट्टीच नाही. तो वर्षभर तळ्यासारखा पडलेला, कधीही जावं आणि काढावं. मी हे आल्विनला म्हटलं तर तो म्हणाला, "अहवालात लिहू का?" चेष्टा होती, पण त्याच्या आवाजात दम नव्हता.

जूनमधल्या शेवटच्या फेरीला मी गेले नाही. शबानाला आदल्या दिवशी मुलगी झाली होती आणि मी हॉस्पिटलात तिच्याजवळ होते. आल्विन दुपारी परतला तेव्हा मी घरी आले होते. त्याची मान उन्हाने लाल, ओठ फुटलेले. बूट दारातच काढले.

"किती मिळाली?" रेनिताने विचारलं.

"बटणवालं एक. बिनबटणाची थोडी." तो जेवायला बसला, पण नुसता भात चिवडत राहिला. "दाऊदभाई सोडतायत, मावशी. मी बघितलं. माझ्यासमोर चार सोडली. मग फोन वाजला आणि पाचवं पिशवीत गेलं. माझ्याकडे बघून म्हणाले, आल्विनबाबू, ह्या पोरीचा पयला हाय."

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? मुबारक म्हटलं."

त्या यंत्राचा आवाज आता खाडीच्या तोंडापर्यंत आला होता, असंही तो म्हणाला. पाणी गढूळ झालंय, वाळूत बसलेलं काही दिसत नाही. कोण जास्त दोषी, कुंपण की यंत्र, हे त्याला बोलायचं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. त्याने काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं. इंग्रजीत होतं. अर्थ एवढाच की पिल्लं आढळली, तुरळक, ती इथे राहतात असं खात्रीने म्हणता येत नाही. बशीतल्या बटणाबद्दल त्याने आधीच्या मसुद्यात एक ओळ घातली होती, साहेबांनी ती काढायला लावली. घरच्या स्वयंपाकघरात मिळालेली गोष्ट पुरावा होत नाही, असं त्यांचं म्हणणं. नियमाने ते बरोबरच होतं.

अहवाल त्या संध्याकाळी गेला. आल्विन बाळाला मांडीवर घेऊन बराच वेळ बसला. बाळ त्याचं बोट धरून झोपलं होतं. रेनिता म्हणाली, "दुसऱ्या खाडीवर पाठवतील तुला." तो म्हणाला, "हो. तिथेही हेच लिहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्विन ऑफिसला गेल्यावर बेल वाजली. शबानाचा नवरा होता. रात्रीच तिला घरी सोडलं होतं, आज अर्ध्या दिवसाची रजा मिळाली होती. हातात पिशवी.

"मावशी, दाऊदचाचांनी पाठवलंय. तिला हे कापता येत नाय, मलाबी नाय. ती रात्रीपासून काय खाल्ली नाय, रडतेय. अम्मी फोनवर सांगतेय हेच दे म्हणून."

मी पिशवी घेतली. पाणी उकळायला ठेवलं. पिल्लं दोनच होती, शेपट्यांचे काटे मोडलेले. सुरी लावण्याआधी मी दोन्हींच्या पंखांच्या कडा अंगठ्याने चाचपल्या. एकाला बटण होतं. ते सोडवलं, धुतलं आणि खिडकीतल्या बशीत पहिल्याशेजारी ठेवलं. मग कातडी खरवडली, पंख सोडवले, तुकडे केले. लसूण सोलला, हळद-मीठ लावलं, काळीज शेवटी घातलं. रस्सा आणि मऊ भात घेऊन वर गेले. शबानाला उठवून बसवलं, बाळ तिच्या अंगाला लावून दिलं, मान कशी धरायची ते दाखवलं, आणि बाळाचं पिऊन झाल्यावर ताट तिच्यापुढे सरकवलं. ती जेवेपर्यंत तिथेच बसले. ताट पुसून खाल्लं तिने. रिकामं पातेलं घेऊन खाली आले, घासलं आणि परतीची बॅग भरायला घेतली.